जुना व्हॉल्व्ह रेडिओ पुन्हा बोलता करताना: सुरक्षित दुरुस्तीची सविस्तर पद्धत

माळ्यावरून उतरवलेला मर्फी, फिलिप्स, बुश किंवा जीईसीचा व्हॉल्व्ह रेडिओ समोर आला की पहिल्यांदा मनात येतं, प्लग लावून बघू, वाजतो का. तेवढं एक करू नका. तीस-चाळीस वर्षं बंद असलेल्या सेटमध्ये कंडेन्सर सुकलेले असतात आणि तारांवरचं रबर ठिसूळ होऊन गळलेलं असतं. त्यात उंदरांनी घर केलेलं असलं तर बघायलाच नको. अशा सेटला थेट २३० व्होल्ट दिले की काही सेकंदांत मेन्स ट्रान्सफॉर्मर किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. कंडेन्सर बाजारात आजही मिळतो. त्याच मापाचा ट्रान्सफॉर्मर मात्र मिळत नाही, तो गुंडाळून घ्यावा लागतो. म्हणून कामाचा क्रम मी असा धरतो: आधी माणसाचा जीव, मग जे परत मिळणार नाही ते, आणि आवाज सगळ्यांत शेवटी.

हा लेख मल्टिमीटर वापरता येणाऱ्या आणि सोल्डरिंगचा हात असलेल्या वाचकासाठी आहे. हे दोन्ही नवीन असेल तर आधी ट्रान्झिस्टरच्या सेटवर हात बसवा. व्हॉल्व्ह रेडिओत २०० ते ३०० व्होल्ट डीसी असतो आणि बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये राहू शकतो.

सेट कोणत्या जातीचा आहे?

मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढा आणि व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. युरोपीय नामावळीत पहिलं अक्षर फिलॅमेंटबद्दल, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेबद्दल सांगतं. 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट: ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईसीएल ८२, ईझेड ८०. हे सेट बहुधा ट्रान्सफॉर्मरचे. 'डी' म्हणजे १.४ व्होल्टचे बॅटरी सेट, डीके ९६, डीएफ ९६ वगैरे. गावात वीज येण्याआधी हेच चालायचे, आणि त्यांना मेन्सला जोडायचंच नसतं. 'यू' दिसलं की सावध व्हा. यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५ असा संच असेल तर तो एसी-डीसी सेट आहे.

एसी-डीसी सेटबद्दल जरा थांबून सांगतो, कारण दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवाला खरा धोका इथे आहे. त्या काळी काही शहरांच्या काही भागांत डीसी पुरवठा होता आणि डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. शिवाय ट्रान्सफॉर्मर वगळला की सेट स्वस्त पडायचा. म्हणून सगळ्या व्हॉल्व्हचे फिलॅमेंट दिवाळीच्या माळेसारखे एकापुढे एक जोडले जात. यूसीएच ८१ ला १९ व्होल्ट, यूबीएफ ८९ ला १९, यूसीएल ८२ ला ५० आणि यूवाय ८५ ला ३८, मिळून १२६ व्होल्ट. करंट १०० मिलिअँपिअर. २३० मधून उरलेले १०४ व्होल्ट एका मोठ्या वायरवाउंड रेझिस्टन्सवर उष्णता होऊन जातात, म्हणजे दहा वॅटच्या वर. हा रेझिस्टन्स हात भाजेल इतका तापतो, त्यात बिघाड नाही.

बिघाड नसूनही जीव घेऊ शकेल अशी गोष्ट वेगळीच आहे. या सेटच्या चेसिसला, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसवलेत त्या धातूच्या सांगाड्याला, मेन्सची एक तार सरळ जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की संपूर्ण चेसिस फेजवर जातं. नॉबमधला बारीक स्क्रू, चेसिस खालून धरणारे बोल्ट, एरियलचं सॉकेट, हे सगळं जिवंत होतं.

ओळखायला सोपी चाचणी आहे. प्लग भिंतीत नसताना रेडिओचा स्विच ऑन करा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगच्या प्रत्येक पिनेपासून चेसिसपर्यंत मोजा. एखाद्या पिनेवर शून्याजवळ किंवा काही ओहम आकडा आला तर चेसिस मेन्सला जोडलेलं आहे. ट्रान्सफॉर्मरच्या निरोगी सेटमध्ये दोन्ही पिनांवर मेगओहमच्या पुढे काहीतरी दिसायला हवं. ही चाचणी प्रत्येक सेटवर करा. काही सेटमध्ये ऑटोट्रान्सफॉर्मर असतो. तो दिसायला ट्रान्सफॉर्मरच, पण मेन्सपासून वेगळं करत नाही. लोखंड दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

टेबलावर काय हवं

सेटला मेन्सपासून वेगळं करणारा, एकास एक प्रमाणाचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, १०० ते २०० व्हीए क्षमतेचा. एसी-डीसी सेटवर काम करायचं तर याला पर्याय नाही. डिमरस्टॅटने व्होल्टेज कमी-जास्त करता येतं, पण तो ऑटोट्रान्सफॉर्मर आहे, तो तुम्हाला वाचवत नाही. दोन्ही असतील तर आधी आयसोलेशन, मग डिमरस्टॅट.

आयसोलेशनचीही मर्यादा समजून घ्या. एका हाताने चेसिस आणि दुसऱ्या हाताने एचटी (सेटमधला २००-३०० व्होल्टचा डीसी) धरलात तर तो उपयोगाचा नाही, आणि त्याच्या पुढे घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ही ट्रिप होणार नाही. म्हणून चालू सेटवर मोजताना मीटरची काळी क्लिप आधी चेसिसला लावून टाका, एका हाताने लाल प्रोब धरा आणि दुसरा हात पाठीमागे. पायाखाली कोरडी रबरी चटई, बोटात अंगठी नाही, मनगटात कडं नाही. घरात दुसरं कोणीतरी असावं आणि मेन स्विच कुठे आहे हे त्याला ठाऊक असावं.

सिरीज बोर्ड तर हवाच. जुन्या मेकॅनिकांच्या दुकानात तो भिंतीवर असायचा: फेजच्या वाटेत एक होल्डर आणि त्यात तारेचा पिवळा बल्ब. सेटमध्ये शॉर्ट असला तर हा बल्ब पेटतो आणि करंट आवरून धरतो. एलईडी इथे चालत नाही. ४५-५० वॅटच्या रेडिओला ६० आणि १०० वॅटचे दोन बल्ब आणून ठेवा.

याशिवाय ५ किंवा १० वॅटचा, ४.७ किलोओहमचा वायरवाउंड रेझिस्टन्स घ्या, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड क्लिप लावा. सेट बंद करून प्लग काढल्यावर मोठ्या फिल्टर कंडेन्सरवर हा काही सेकंद जोडायचा आणि मग मीटरने शून्य आल्याची खात्री करायची. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढून डिस्चार्ज करण्याची सवय सोडा.

उघडण्याआधी फोटो, मग साफसफाई

प्रत्येक बाजूचे फोटो घ्या. व्हॉल्व्ह कोणत्या सॉकेटमधला हे कागदावर लिहा. डायलचा दोरा कसा फिरलाय याचं चित्र काढून ठेवा. दोरा तुटल्यावर ते चित्र नसेल तर अख्खी संध्याकाळ त्या पुल्यांभोवती जाते.

धूळ मऊ ब्रशने आणि ब्लोअरने, मास्क लावून, शक्यतो गच्चीत काढा. उंदराच्या लेंड्या असतील तर आधी ओलसर करून पुसून घ्या, कोरड्या झटकू नका. एसी-डीसी सेटमध्ये तापणाऱ्या रेझिस्टन्सजवळ राखाडी-पांढरा, पुठ्ठ्यासारखा पत्रा चिकटवलेला असतो. तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. त्याला घासू नका, कापू नका.

व्हॉल्व्हच्या काचेवरचा नंबर ओल्या फडक्याने सहज निघून जातो, म्हणून छापलेल्या जागेला हात लावू नका. डायलच्या काचेचं तर त्याहून नाजूक आहे. दिल्ली, मुंबई, कोलंबो ही नावं काचेच्या मागच्या बाजूला रंगवलेली असतात आणि पन्नास-साठ वर्षांनी तो रंग काचेला जेमतेम धरून असतो. साधं पाणी लागलं तरी अक्षरं फडक्यावर येतात. काच पुढूनच पुसा. मागे फक्त कोरडा, मऊ, रंगकामाचा ब्रश फिरवा, तोही रंग सुटत नसेल तरच. एकदा गेलेला डायल परत मिळत नाही.

व्हॉल्यूम कंट्रोल आणि बँड स्विचला कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब पुरतात. गंज काढायचा तेलकट स्प्रे तिथे मारू नका, तो बँड स्विचच्या पट्ट्यांत मुरतो.

वीज न देता मोजण्यासारखं बरंच असतं

मेन्स ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी काही दहा ओहम दाखवते. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी साधारण काहीशे ओहम. ती तुटलेली असताना सेट चालू केला तर स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ॲनोडला (करंट घेणाऱ्या पट्टीला) व्होल्टेज मिळत नाही, सगळा करंट स्क्रीन ग्रिड या आतल्या जाळीकडे वळतो, ती लाल होते आणि व्हॉल्व्ह जातो. दोन मिनिटांच्या मोजणीने हे टळतं. स्पीकरची व्हॉइस कॉइल ३ ते ५ ओहम असावी, आणि स्पीकर जोडल्याशिवाय सेट कधीही चालवू नका.

व्हॉल्व्हचे फिलॅमेंट मोजा. नऊ पिनांच्या बहुतेक व्हॉल्व्हमध्ये ते ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर असतात. 'यू' संचातला एक जरी तुटला असला तरी सगळे विझलेले राहतात. व्हॉल्व्ह बदलायची घाई मात्र नको. साठच्या दशकातले भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह मी आजही उत्तम चालताना बघतो. दोष बहुतेक वेळा कंडेन्सरचा असतो.

कंडेन्सर: कोणते बदलायचे, कोणत्यांना हात लावायचा नाही

पहिला नंबर फिल्टर कंडेन्सरचा. ॲल्युमिनियमच्या डबीतला, ५० अधिक ५० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचा वगैरे. त्याच्या जागी ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट, १०५ डिग्रीचे दोन लावा. जुनी डबी शोभेला राहू दे, पण तिच्या तारा पूर्ण सोडवा. तिच्यावरच नवा जोडला तर जुन्याची गळती तशीच राहते. गुणगुण कमी व्हावी म्हणून जास्त मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घालण्याचा मोह होतो. तो टाळा. ईझेड ८० या रेक्टिफायरला (एसीचा डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हला) पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर चालत नाही, जास्त घातला तर तो झिजतो. ध्रुव दोनदा तपासा. उलटा लावलेला इलेक्ट्रोलिटिक फुटतो.

डिमरस्टॅटने व्होल्टेज हळूहळू वाढवून जुना इलेक्ट्रोलिटिक 'जागवण्याचा' सल्ला तुम्हाला मिळेल. व्हॉल्व्ह रेक्टिफायरच्या सेटमध्ये तो नीट लागू पडत नाही, कारण कमी व्होल्टेजवर रेक्टिफायरचा कॅथोड पुरेसा तापतच नाही. नवा कंडेन्सर काही रुपयांत येतो, ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला हजारांत जातात.

दुसरा नंबर मी कपलिंग कंडेन्सरला देतो. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला आधीच्या टप्प्याच्या ॲनोडपासून येणारा, ०.०१ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरडचा, मेणातला नाहीतर तपकिरी टोपणातला कागदी कंडेन्सर. तो किंचित जरी गळला तरी ॲनोडचं पॉझिटिव्ह व्होल्टेज ग्रिडवर जातं, व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर करंट ओढतो, आणि त्याच्याबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मर व रेक्टिफायर दोघंही जातात. बाहेरून तो अगदी व्यवस्थित दिसतो, कपॅसिटन्स मीटरवरही बरोबर किंमत येते, कारण गळती पूर्ण व्होल्टेजवरच उघडी पडते. म्हणून तपासत बसू नका, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टर लावून मोकळे व्हा. बाकीचे कागदी कंडेन्सरही एकेक करून बदला. एक काढा, एक लावा, पुढच्याकडे जा. सगळे एकदम कापलेत की चूक कुठे झाली ते सापडत नाही.

तिसरा गट मेन्सला जोडलेल्यांचा. मेन्सच्या दोन तारांमधला एक्स २ दर्जाचाच हवा. मेन्सपासून चेसिसकडे, किंवा एसी-डीसी सेटमध्ये चेसिसपासून एरियल-अर्थ सॉकेटकडे जाणारा वाय दर्जाचा हवा. इथे साधा ६३० व्होल्टचा चालत नाही. वाय दर्जाचा कंडेन्सर बिघडताना शॉर्ट न होता उघडा पडेल अशा हिशेबाने बनवलेला असतो, आणि एरियलची तार हातात धरणाऱ्याचा जीव त्यावरच अवलंबून असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मागताना दर्जा सांगून मागा आणि अंगावर छापलेला वाचून घ्या.

अभ्रकाचे आणि सिरॅमिक कंडेन्सर राहू द्या. आयएफटीच्या (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या ट्रान्सफॉर्मरच्या) डब्यांतल्या फेराइट गाभ्यांना तर अजिबात फिरवू नका. ते चिकटून बसलेले असतात, जोर लावला की तडकतात, आणि सिग्नल जनरेटर नसताना फिरवलेला सेट पूर्वीपेक्षा मंद होतो.

कार्बनच्या जुन्या रेझिस्टन्सचे ओहम वयाप्रमाणे वाढतात. २० टक्क्यांहून जास्त सरकलेले बदला, एवढंच.

वायर, फ्यूज आणि मेन्सचं व्होल्टेज

जुनी कापडी किंवा रबरी वायर काढून टाका. ट्रान्सफॉर्मरच्या सेटला तीन तारांची वायर, अर्थ चेसिसला पक्का, आणि फेजमध्ये अर्ध्या अँपिअरचा स्लो फ्यूज. एसी-डीसी किंवा ऑटोट्रान्सफॉर्मरच्या सेटच्या चेसिसला अर्थ कधीही जोडायचा नाही. तिथे न्यूट्रल चेसिसच्या बाजूला आणि फेज स्विच-फ्यूजकडे येईल अशी उलटा न बसणाऱ्या तीन पिनांच्या प्लगाने जोडणी करा, अर्थची पिन मोकळी. भिंतीतल्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल अदलाबदल झालेली असू शकते, टेस्टरने बघून घ्या. नॉबच्या स्क्रूवर मेण भरा, खालच्या बोल्टवर इन्सुलेशन लावा.

फिलिप्सच्या बऱ्याच सेटमध्ये मेन्सची जोडणी मागच्या झाकणातच असते, झाकण काढलं की वीज तुटते. ती सोय कुणीतरी उघड्या तारा जोडून मोडलेली असेल तर पूर्ववत करा.

मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो सर्वांत वरच्या खुणेवर, २४५ वर ठेवा. आज घरात २४० च्या पुढे व्होल्टेज अनेकदा असतं. २२० च्या खुणेवर २४५ दिले तर ६.३ व्होल्टचे फिलॅमेंट ७ व्होल्टवर जातात, आणि सहनशक्ती दहा टक्क्यांची, म्हणजे सुमारे ६.९ ची आहे. वरची खूणच नसेल तर १२ व्होल्ट, १ अँपिअरच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी मेन्सच्या वाटेत उलट्या दिशेने जोडून १२ व्होल्ट कमी करता येतात. मोजून बघा, व्होल्टेज वाढलं तर सेकंडरीची टोकं बदला. हे सगळं बंद डब्यातच.

पहिली वीज

ट्रान्सफॉर्मरचा सेट असेल तर सगळे व्हॉल्व्ह आणि डायलचे दिवे काढून फक्त ट्रान्सफॉर्मर सिरीज बोर्डवर ६० वॅटच्या बल्बमधून लावा. बल्ब जवळजवळ विझलेला राहायला हवा. पेटला तर आतले वेढे शॉर्ट आहेत. विझलेला राहिला तर अर्धा तास तसाच सोडा. ट्रान्सफॉर्मर कोमट झाला तर ठीक, पण हात ठेवता येत नाही इतका तापला तर थांबा.

मग रेक्टिफायर सोडून बाकीचे व्हॉल्व्ह लावा. फिलॅमेंट मंद लाल होतील, बल्ब थोडा तांबूस दिसेल. आता प्लग काढून रेक्टिफायर घाला, स्पीकर जोडलेला आहे ना बघा, १०० वॅटचा बल्ब लावा, मीटर पहिल्या फिल्टर कंडेन्सरवर क्लिपने लावून ठेवा आणि मगच स्विच द्या. बल्ब सुरुवातीला चमकतो, मग मंदावतो, आणि पंधरा-वीस सेकंदांनी एचटी चढू लागताना पुन्हा किंचित वाढून स्थिरावतो. बल्ब पूर्ण प्रकाशात राहिला किंवा कुठल्या व्हॉल्व्हचा ॲनोड लालसर दिसला तर लगेच बंद करा. एसी-डीसी सेटमध्ये रेक्टिफायर काढला की फिलॅमेंटची माळच तुटते, म्हणून तिथे सगळे व्हॉल्व्ह लावूनच, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि बल्बमधून सुरुवात करायची.

सगळं ठीक वाटलं की बल्ब काढून पूर्ण व्होल्टेजवर दोन मोजण्या करा. पहिली, आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर: शून्य किंवा किंचित निगेटिव्ह हवं. अर्धा-एक व्होल्ट पॉझिटिव्ह येऊन चढत असेल तर बंद करून कपलिंग कंडेन्सरचं एक टोक सोडवा आणि पुन्हा बघा. पॉझिटिव्ह गेलं तर कंडेन्सर दोषी, राहिलं तर व्हॉल्व्ह. दुसरी, कॅथोडवर: तिथलं व्होल्टेज भागिले कॅथोड रेझिस्टन्स म्हणजे व्हॉल्व्हचा करंट. ईएल ८४ ला २५० व्होल्टवर १३५ ओहमच्या रेझिस्टन्सवर ७.३ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत, म्हणजे ५४ मिलिअँपिअर. १० व्होल्ट आले तर व्हॉल्व्ह मरतोय.

आवाज येत नसेल तर

शेवटच्या टप्प्याकडून मागे चला. पूर्ण इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पिनेला टेकवा, तिथून पुढचा ऑडिओ भाग ठीक असेल तर गुणगुण किंवा टकटक ऐकू येते. ऑडिओ आहे पण स्टेशन नाही, तर ऑसिलेटर, म्हणजे स्टेशन पकडण्यासाठी सेटमध्येच लहर तयार करणारा भाग, तपासा. त्यासाठी एखादा छोटा ट्रान्झिस्टर शेजारी ठेवा. आयएफ (सेटची ठरलेली मधली फ्रिक्वेन्सी) ४५५ किलोहर्ट्झ असलेला तुमचा सेट १००० किलोहर्ट्झवर असेल तर ऑसिलेटर १४५५ वर चालतो. ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर १४५५ च्या आसपास ठेवून व्हॉल्व्ह सेटचा काटा सावकाश हलवा. खरखर अचानक शांत होणारी किंवा शिट्टी येणारी जागा सापडली तर ऑसिलेटर जिवंत आहे. सापडलीच नाही तर बँड स्विच, ऑसिलेटर चालवणारा ईसीएच ८१ व्हॉल्व्ह आणि त्याच्या ॲनोडचा रेझिस्टन्स या क्रमाने बघा.

स्टेशनं कमी लागतात म्हणून सेटला दोष देऊ नका. आकाशवाणीची मीडियम वेव्हवरची बरीच प्रक्षेपणं गेल्या काही वर्षांत बंद झाली आहेत, आणि घरातले एलईडी बल्ब व मोबाइल चार्जर खरखरीचं मोठं कारण आहेत. ते बंद करून बघा. पाच ते दहा मीटर तार खिडकीबाहेर ताणली की फरक लगेच ऐकू येतो. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की ती तार आणि प्लग दोन्ही काढून ठेवा.

फोनवरची गाणी रेडिओवर ऐकायची असतील तर पिकअप सॉकेटचा (ग्रामोफोन जोडायच्या मागच्या सॉकेटचा) उपयोग होतो, डावा-उजवा आवाज दोन १ किलोओहमच्या रेझिस्टन्समधून एकत्र करून. हे फक्त अर्थ केलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या सेटवर. एसी-डीसी किंवा ऑटोट्रान्सफॉर्मरच्या सेटला फोन जोडणं म्हणजे हातातला फोन मेन्सला जोडणं आहे.

कॅबिनेटचं काम शेवटी, आणि बेताने. निघालेला विनिअर फेव्हिकॉलने दाबून बसवा, लाकडाला चपड्याचं स्पिरिट पॉलिश पुरे, बॅकेलाइटला गाडीचं पॉलिश. स्पीकरच्या कागदाला बारीक फाट असेल तर पातळ टिश्यू पेपर आणि पाणी घातलेला फेव्हिकॉल लावा. जाड डिंकाने आवाज बसतो.

झाकण लावण्याआधी सेट दोन तास समोर बसून चालवा आणि दर अर्ध्या तासाने बंद करून, प्लग काढून, कंडेन्सर डिस्चार्ज करून ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघा. झाकणाच्या आत एक कागद चिकटवा: काय बदललं, कधी बदललं, आणि एसी-डीसी सेट असेल तर मोठ्या अक्षरांत 'चेसिसला मेन्स आहे'. झाकण सगळ्या स्क्रूंनिशी बसवा, भोकं बुजवू नका, भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळाभर पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास सेट लावत जा, म्हणजे आतला दमटपणा जातो. आणि सेट चालू ठेवून घराबाहेर पडू नका.